पंचवीस गाण्यांची यादी आणि कंसातली एक ईपी

ताई,
मी फोंड्याजवळच्या एका गावात राहतो. वय ७४. खाण कंपनीच्या ऑफिसात हिशेबनीस होतो, आता निवृत्त. वडिलांच्या जुन्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) धरून माझ्याकडे तीनशेच्या आसपास तबकड्या आहेत. येत्या मे महिन्यात आम्ही दोघं मुलाकडे पर्वरीच्या फ्लॅटमध्ये जाणार. मुलगा म्हणतो, पप्पा, सगळं पेन ड्राइव्हवर घ्या आणि तबकड्या देऊन टाका, यूट्यूबवर सगळं मिळतं. पंचाहत्तरीला मला एक छोटी पुस्तिका छापायची आहे : माझं आयुष्य पंचवीस गाण्यांत. यादी सोबत जोडली आहे. पण लिहायला बसलो की गायकाचं नाव, राग, घराणं आणि 'अप्रतिम' यापुढे गाडी जात नाही. (कोंकणी गायिका लोर्नाची एक ईपी, म्हणजे छोटी तबकडी आहे, मडगावला कॉलेजात असताना घेतलेली. ती यादीत धरलेली नाही.) सौ.ला गाण्यातलं फारसं कळत नाही, चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात ती स्वयंपाकघरात विविध भारती ऐकत आली. त्यामुळे घरात बोलायला कुणी नाही. मशीनला मी आजवर कुणाला हात लावू दिला नाही, म्हणून सगळं शाबूत आहे. तबकड्यांचं काय करू आणि लिहू कसं, ते सांगा.
एक जुना श्रोता

भाई,

यादी वाचली. शास्त्रीय आणि नाट्यसंगीतातली सगळी मोठी नावं : केसरबाई, मोगूबाई, दीनानाथ, अभिषेकीबुवा, रामदास कामत, वसंतराव, मन्सूर, किशोरीताई. बोट ठेवायला जागा नाही, आणि अडचण तिथेच आहे. ही यादी उचलून मी म्हापशाच्या, कोल्हापूरच्या, पार्ल्याच्या कुठल्याही रसिकाच्या नावावर खपवली तर कुणाला शंका यायची नाही. पंचवीसांत एकही गाणं असं नाही, जे बघून कुणी विचारेल, 'हे इथे कसं काय आलं?' तुम्ही आयुष्य लिहायला बसलात आणि निवड समितीवर जाऊन बसलात. गाणं अप्रतिम आहे असा निकाल एकदा दिला की पुढे लिहायला राहतं काय?

तुमच्या पत्रातलं एकच वाक्य मला पुन्हा वाचावंसं वाटलं, आणि नेमकं तेच तुम्ही कंसात टाकलंय. ती ईपी घेऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली. मधे नोकरी झाली, संसार झाला, घराची कौलं कितीदा तरी परतली गेली असतील. ती तबकडी मोडली नाही, हरवली नाही, कुणी मागून नेली नाही. आणि मला पत्र लिहिताना, काही गरज नसताना, तुम्हाला ती आठवली. जी मोजायचीच नव्हती तिची नोंद कशाला केलीत? हिशेबाचा माणूस उगाच एखादी रक्कम कंसात टाकत नाही.

पुस्तिका तिथून सुरू करा.

ट्रम्पेटवाले ख्रिस पेरी यांचा बँड आणि लोर्नाचा आवाज त्या काळात गोव्यात कानाआड करणं कुणाला शक्यच नव्हतं. लग्नाच्या हॉलात, फेस्ताच्या फेरीत, शेजारच्या बाल्कांवावर (व्हरांड्यात), कुठेही तो ट्रम्पेट गाठायचा. पण देव्हाऱ्यासमोर अभंग आणि जत्रेत संगीत नाटक अशा तुमच्या-आमच्यासारख्या घरांत ते गाणं 'त्यांचं', म्हणजे ख्रिस्ती शेजाऱ्यांचं होतं. त्यात १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल ताजा. तुम्ही तेव्हा सोळाच्या आसपास असाल. मत द्यायचं वय नव्हतं, पण कान होते. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा यावरून घराघरांत तट पडलेले. उल्हास बुयांव यांची कोंकणी गाणी सभा गाजवत होती, आणि विलीनीकरणवाद्यांच्या घरात ती गुणगुणणाऱ्या पोराला काय ऐकून घ्यावं लागायचं हे तुमच्या पिढीला मी सांगायला नको. कोंकणी गाणं आवडणं ही त्या दिवसांत नुसती आवड राहिली नव्हती, तुम्ही कुठल्या बाजूचे ते त्यावरून ठरायचं. त्यानंतर थोड्याच वर्षांत मराठी नाटकांत वाढलेला एक मुलगा मडगावात जाऊन लोर्नाची ईपी विकत घेतो.

भाई, यात राग नाही, घराणं नाही, पण गोष्ट आहे. पैसे कुठून आणलेत? एकटे होतात की कुणी सोबत होतं? फोंड्याच्या कारेरमध्ये, बसच्या त्या गर्दीत, ती कशात गुंडाळून आणलीत? घरी वडिलांच्या देखत लावलीत का? आणि ते गाणं आधी ऐकलं कुठे होतंत, की ज्याच्यापायी एवढा खटाटोप केलात? यातल्या एखाद्या प्रश्नापाशी तुम्ही घुटमळाल. वहिनी शेजारी बसल्या असतील तर जास्तच घुटमळाल. तो प्रश्न आधी घ्या.

आणि हो, ईपीवर बहुधा चार गाणी असायची. माणूस एका गाण्यासाठी ती घ्यायचा आणि बाकीची तीन न मागता घरी यायची. तबकडी पुरी वाजू दिली की तीही कानांत बसायची. तुमच्या संग्रहातल्या अशा न मागता आलेल्या गाण्यांचा विचार करा. त्यांतलं एखादं आज तुम्हाला मूळ गाण्याहून जवळचं झालं असेल. यादीत त्याला जागा हवी, मग ते कितीही हलकंफुलकं का असेना.

बाकीची पंचवीस फेकून द्या असं मी म्हणत नाही. फक्त प्रत्येकापुढे लिहा : हे माझ्यापर्यंत आलं कसं? दीनानाथांचंच बघा. ते १९०० साली मंगेशीला जन्मले आणि १९४२ साली गेले. तुम्ही त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी जन्मलात. केसरबाईंनी जाहीर मैफली थांबवल्या तेव्हा तुम्ही अर्ध्या चड्डीत शाळेला जात होतात. म्हणजे ही गाणी तुम्ही निवडलेलीच नाहीत, ती तुमच्या आधीपासून घरात होती. ती आणली कुणी? वडिलांनी मुंबईहून आणली, की लग्नात कुणी आहेर म्हणून दिली, की एखाद्या भाटकाराच्या (जमीनदाराच्या) घरातलं सामान विकायला निघालं तेव्हा मिळाली? गावात वीज यायच्या आधीचा ग्रामोफोन म्हणजे चावीचा. लोखंडी सुई दर बाजूला बदलायची आणि चावी द्यायची, हे काम बहुतेक घरांत पोराच्या गळ्यात असायचं. तुमच्याकडे होतं का? चावी उतरत आली की केसरबाईंचा आवाज कसा घसरत खाली जायचा, आणि वडील आतल्या खोलीतून काय ओरडायचे? त्या रागाच्या नावापेक्षा मला हे हवं आहे.

केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर बसून अवकाशात गेली, हे तुम्ही नक्की लिहिणार. फोंडा तालुक्यातला प्रत्येक संगीतवेडा ते लिहितो, आणि का लिहू नये, केसरबाईंचं गाव केरी आपलंच आहे. पण एक ओळ द्या आणि पुढे सरका. ते वाचकाला शंभर ठिकाणी मिळेल. तुमच्या घरातली तबकडी कुठल्या तानेवर अडकायची आणि तिथे सुईला बोट कोण लावायचं, हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?

अभिषेकीबुवांच्या नाट्यपदांचंही तसंच. 'मत्स्यगंधा' १९६४चं, 'कट्यार काळजात घुसली' १९६७चं. म्हणजे तुमची मिसरूड फुटायची वर्षं. आपल्याकडे मुंबईचं नाटक गाजलं की पुढच्या जत्रांत गावची मंडळी ते उभं करायची. शाळामास्तर नायक, तालुक्याहून बोलावलेला पेटीवाला, आणि पहाटेपर्यंत मांडव भरलेला. तुम्ही ती पदं आधी कुणाच्या तोंडून ऐकलीत? पुष्कळांच्या बाबतीत असं झालंय की गावच्या माणसाचं पद कानांत पक्कं बसलं, मग मूळ गायकाची तबकडी घरी आली, आणि ती ऐकून मनात म्हटलं, आमच्या मास्तरांइतकं काही जमलेलं नाही. रामदास कामतांबद्दल असं लिहायला जीभ चावावी लागेल. पण वाटलं असेल तर लिहा. कामत म्हापशाचे, गावच्या नटाचा अभिमान काय असतो हे त्यांना ठाऊक असणारच होतं.

एक जागा मात्र तुमच्या यादीत अजिबातच नाही, ती म्हणजे रेडिओ. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला तेव्हा तुम्ही दहाच्या आसपास होतात. त्याआधी पणजीहून पोर्तुगिजांची एमिसोरा द गोवा चालायची. मुक्तीनंतर तिथे आकाशवाणी पणजी आली. आणि १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो सीमेपलीकडच्या जंगलातून गोवामुक्तीचं एक गुप्त रेडिओ केंद्र चालवत होते. ते लावणाऱ्या घरांत रेडिओचा आवाज किती ठेवायचा याचेही नियम होते. तुमच्या घरी रेडिओ होता का? नसेल तर कुणाकडे जाऊन ऐकायचात? रेडिओ सिलोनची गाणी कुणाच्या ओसरीवर? मुक्तीच्या दिवशी घरात काय वाजत होतं, की काहीच वाजत नव्हतं? तबकडी माणूस विकत घेतो, रेडिओवर जे येईल ते ऐकतो. म्हणून आठवणीतली पुष्कळ गाणी रेडिओवरची असतात आणि संग्रहात त्यांचा पत्ता नसतो. तीनशे तबकड्यांच्या बाहेरची निदान पाच गाणी यादीत यायला हवीत.

किती लिहायचं? दहा इंची ७८च्या तबकडीत एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास गाणं मावायचं. तासभर ख्याल रंगवणाऱ्यांनी तेवढ्यात आलाप, बंदिश आणि ताना बसवून दाखवल्या. तुम्हीही एका गाण्याला तेवढीच जागा द्या. मोठ्यानं वाचलं तर तीन मिनिटांत संपेल, म्हणजे तीन-साडेतीनशे शब्द. माहितीला त्यात पहिली दोन वाक्यं पुरे. माणसं कोंकणीत बोलली असतील तर त्यांचं बोलणं कोंकणीतच ठेवा. आपण घरात बोलतो कोंकणी, लिहितो मराठी आणि वाढलो हिंदी गाण्यांवर. पुस्तिकेत सगळे प्रमाण मराठीत बोलायला लागले तर तुमच्या आईला तुमचीच बहीण ओळखायची नाही. आणि क्रमवार लिहू नका. जे गाणं आज आठवलं ते आज लिहायचं, सालवारी शेवटी लावता येते.

आता जे तुम्ही विचारलं नाही, त्याकडे येते. 'सौ.ला गाण्यातलं फारसं कळत नाही.' संग्रह करणाऱ्या नवऱ्यांच्या पत्रांत हे वाक्य इतक्या सहजपणे येतं की मला आता त्याचं हसू येतं. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ला सुरू झाली. जी बाई चाळीसहून जास्त वर्षं ती रोज ऐकत आली, तिच्या कानांवरून गेलेली गाणी तुमच्या तीनशे तबकड्यांत मावायची नाहीत. त्यांना राग सांगता येत नसेल. पण मुखड्याआधीचं वादन दोन सेकंद ऐकून सिनेमा सांगा म्हटलं, तर पैज लावते, तुमच्या आधी त्या सांगतील, तेही कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे.

आणि ते वादन कुणाचं होतं, याचा कधी विचार केलात? हिंदी सिनेमातले ते व्हायोलिनचे ताफे, ते ट्रम्पेट, गाण्याच्या पोटात वाजणारी ती वळणं बसवणारे हात पुष्कळदा गोंयकारांचे होते. शंकर-जयकिशनांचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. फ्रँक फर्नांड. तबकडीच्या लेबलवर गायक, संगीतकार, कवी यांची नावं असत, यांची सहसा नसत. तुम्ही गोव्याच्या गाण्याचा अभिमान बाळगणारे. गोव्याचं केवढं तरी संगीत तुमच्याच स्वयंपाकघरात रोज वाजत होतं आणि तुम्ही बहुधा हॉलचं दार लोटून घेत होतात, आवाज येतो म्हणून. आवाज येतो म्हणूनच ना?

'मशीनला कुणाला हात लावू दिला नाही, म्हणून सगळं शाबूत आहे.' हेही तुमचंच वाक्य. तबकड्या शाबूत राहिल्या, मान्य. पण घरात यंत्र एकाच माणसाच्या हातात राहिलं की बाकीचे आपली आवड उचलून दुसऱ्या खोलीत नेतात. गाण्यातलं कळत नाही म्हणून वहिनींनी ट्रान्झिस्टर जवळ केला, की हॉलमधल्या यंत्राला हात लावायची सोय नव्हती म्हणून, ते त्यांनाच विचारा. त्यांनी कधी एकही तबकडी लावा म्हटलं नसेल, तर 'आज तू लाव' असं तुम्ही कधी म्हणालात का, तेही आठवून बघा. 'घरात बोलायला कुणी नाही' ही तुमची तक्रार मला त्या उत्तरानंतर ऐकायला आवडेल.

फक्त थेट जाऊन 'तुझं आवडतं गाणं कोणतं' असं विचारू नका. इतक्या वर्षांनी एकदम विचारलंत तर 'कसलं काय, सगळीच बरी' असं उत्तर येईल आणि पाठोपाठ चहा येईल. त्यापेक्षा काम काढा. सुदैवानं मुलानं तुम्हाला काम देऊन ठेवलंय.

तबकडी उतरवून घेणं हे घाईचं काम नव्हे. चाळीस मिनिटांची एलपी, म्हणजे मोठी तबकडी उतरवायला चाळीस मिनिटंच लागतात, त्यात कुठलाही संगणक मदत करत नाही. एकानं तबकडी पुसायची, लावायची, सुई ठेवायची. दुसऱ्यानं लेबल वाचून नोंद करायची. सुई वहिनींच्या हाती द्या. नोंदी तुम्ही ठेवा, जन्मभर तेच केलंत. पहिल्या दिवशी त्यांचा हात थरथरेल आणि तुमचा जीव वरखाली होईल. एखादा ओरखडा पडलाच तर पडू दे. बाजू संपली की मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून टेबलावर ठेवा, आणि जे बोलणं निघेल ते निघू दे. 'हे गाणं तुम्ही लावायचात तेव्हा मला कळायचं की आज ऑफिसात काहीतरी बिनसलंय' असलं एखादं वाक्य येईल. तुमच्या पुस्तिकेत आज जे नाही ते तिथून येणार आहे. त्यांनी सांगितलेली गाणी यादीत त्यांच्या नावानं घाला. पंचवीसांचा आकडा मोडला तरी चालेल.

आता कोरडं, पण लागणारं.

७८च्या तबकड्या लाखेच्या आणि एलपी-ईपी व्हिनाइलच्या. दोघींची निगा वेगळी. लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा कुठलंही अल्कोहोल चुकूनही लावू नका, लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी धुण्याच्या सौम्य द्रवाचा थेंब, मऊ कापड, खाचांच्या दिशेनं गोल पुसायचं, लेबल कोरडं ठेवायचं, आणि लगेच सुकवायचं. व्हिनाइलही याच पाण्यानं निघतं. सुईसुद्धा वेगळी लागते. ७८ची खाच रुंद असते, तिला सुमारे तीन हजारांश इंचाची सुई हवी. एलपीला एक हजारांश किंवा त्याहून बारीक. एलपीच्या सुईनं ७८ लावली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त येते. उलट चावीच्या ग्रामोफोनचा सुई धरणारा जड साउंडबॉक्स व्हिनाइलवर ठेवलात तर ती तबकडी तिथेच संपली.

आपल्याकडे वर्षाला शंभर इंचांहून जास्त पाऊस, त्यात चिऱ्याच्या भिंती. तेव्हा बुरशी हा तुमच्या संग्रहाचा पहिला शत्रू आणि वाळवी दुसरा. पांढरे ठिपके दिसले तर ती तबकडी तोंडाला फडकं बांधून अंगणात नेऊन पुसा, घरातल्या इतर खोक्यांजवळ झटकू नका. जुनी, ओल धरलेली कागदी पाकिटं बदला. पण त्यांवर कुणी काही लिहिलं असेल, दुकानाचा शिक्का असेल, किंमत असेल, तर त्याचा फोटो आधी घ्या. हवाबंद प्लास्टिकमध्ये कोंबू नका, आत ओल साचते. तबकड्या उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत नकोत, आणि बाहेरच्या भिंतीला टेकवून तर नकोतच.

उतरवताना आधी पूर्ण दर्जाची डब्ल्यूएव्ही फाइल करा, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ. मिनिटाला साधारण ३५ एमबी लागतात, म्हणजे एका एलपीला दीड जीबीच्या आसपास. फोनवर ऐकायला त्यावरून एमपी३ काढता येईल, पण मूळ फाइल पुसू नका. खरखर काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा हात जरा आखडता ठेवा. जास्त चालवलं की खरखरीबरोबर तंबोराही जातो. फाइलच्या नावात लेबलवरचा क्रमांक घाला, नाही तर वर्षभरानं तुम्हालाच कळणार नाही कुठली कुठली ते. आणि पेन ड्राइव्ह म्हणजे कपाट नव्हे. दोन हार्ड डिस्क घ्या, एक मुलाकडे ठेवा, दुसरी मुलीकडे किंवा पुतण्याकडे. इंटरनेटवर टाकायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो. कवी आणि संगीतकाराचा हक्क वेगळा, तो त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. घरात ऐकायला कुणाची ना नाही.

मुलाबद्दल. तो अर्धा बरोबर आहे. पन्नास एलपींचं खोकं दहा-बारा किलोंचं होतं, आणि फ्लॅटमधली भिंत सुनेचीही असते. यूट्यूबवर गाणी मिळतात हेही खरं. तुमच्या संग्रहातल्या गाजलेल्या सिनेमांच्या एलपी हजारोंनी निघाल्या, त्या झिजल्या असतील तर त्यांना फारशी किंमत येणार नाही. असल्या तबकड्यांसाठी घरात भांडण करू नका. वडिलांच्या ७८, ज्यांवर कुणाचं नाव किंवा हस्ताक्षर आहे त्या, पुस्तिकेत येणाऱ्या सगळ्या आणि वहिनी म्हणतील त्या, एवढ्या एका फडताळात बसतात. तेवढं फडताळ मागा. मागताना 'माझ्यामागे तू हे सांभाळ' अशी शपथ घालू नका. त्याला नको असेल तर त्यानं काय करायचं ते आत्ताच लिहून ठेवा, म्हणजे त्याच्या डोक्यावर ओझं राहणार नाही. उरलेल्यांची यादी टाइप करून घ्या. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात आणि मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सकडे ती यादी दाखवून विचारा. तबकड्या गाडीत घालून आधी जाऊ नका, आधी यादी. कुणाला कुठली हवी ते त्यांना ठरवू दे. तडकलेल्या भंगारात गेल्या तरी चालतील.

मे महिना हा सामान हलवायला वाईट. व्हिनाइल उन्हात वाकतं आणि बंद गाडीत तर तासाभरात. तबकड्यांची खोकी सकाळी लवकर न्या, उभी ठेवा, टेम्पोवाल्याला सांगा वर गादी टाकू नको. आणि मुलाकडून एक गोष्ट आधीच ठरवून घ्या, प्लेअर हॉलमध्ये राहणार की तुमच्या खोलीत. माझं मत हॉल. तिथे प्लग पॉइंट कुठे आहे तेही बघून ठेवा, नाही तर पहिल्याच आठवड्यात एक्स्टेंशन बोर्डावरून वाद होतील आणि त्याचं खापर दीनानाथांवर फुटेल.